गतीचा आकडा आणि कामाचा वेग

ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला १८५८ च्या जूनमधील त्या घोड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नवा, जोमदार घोडा ऐन वेळी नाल्यापाशी अडला, असे परंपरा सांगते. परवा त्या स्थळाचे दर्शन घेण्याचा योग आला आणि त्याच सायंकाळी जवळच्या एका मराठी कुटुंबात निराळ्याच घोड्यांवरून जुंपलेला वाद ऐकावयास मिळाला. घरी दोन जुने संगणक. एक ठेवावयाचा, दुसरा मोडीत काढावयाचा. एकात पेंटियम डी ८३०, दुसऱ्यात कोअर टू ड्युओ ई ६६०० हा प्रोसेसर. नातवाला खेळ खेळावयाचे, आजोबांना पत्रे लिहावयाची. जुन्या मालाच्या विक्रेत्याने कौल दिला तो पहिल्याला. कारण त्याचा आकडा मोठा!

आकडा मोठा आहे, हे खरेच. मे २००५ मध्ये आलेल्या पेंटियम डीची गती ३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. जुलै २००६ मधील कोअर टू ड्युओची २.४. दोन्ही इंटेल कंपनीचेच आणि दोहोंत दोन-दोन गाभे. तरीही सरस ठरतो तो दुसराच. ठोके किती पडले यापेक्षा प्रत्येक ठोक्यात काम किती उरकले, याला महत्त्व आहे. पेंटियम डीमध्ये प्रत्येक आज्ञेची वाट ३१ टप्प्यांची. पुढच्या वळणाचा अंदाज चुकला की हाती घेतलेले काम टाकून पुन्हा आरंभ करावा लागतो. कोअर टू ड्युओची वाट १४ टप्प्यांची. शिवाय त्याच्या दोन्ही गाभ्यांना ४ एमबींची सामाईक स्मृती जवळच उपलब्ध असते. पेंटियम डीच्या गाभ्यांना परस्परांशी बोलावयाचे तर बाहेरच्या रस्त्याने जावे लागते. उष्णतेची मर्यादाही बोलकी आहे : एकाची १३० वॉट, दुसऱ्याची ६५.

खेळांत हा भेद अधिकच जाणवतो. त्या काळचे बहुतेक खेळ एकाच गाभ्यावर भार टाकीत. दुसरा गाभा जवळजवळ स्वस्थ बसे. अर्थात, ग्राफिक्स कार्ड दुबळे असेल तर कोणताही प्रोसेसर निरुपायच. आणि आजच्या मोठ्या खेळांची अपेक्षा या दोघांकडूनही करू नये. त्यांना चार किंवा अधिक गाभे लागतात.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हे दोन्ही प्रोसेसर बसत नाहीत. म्हणून ते भंगारच, असे मात्र नव्हे. हलकीशी लिनक्स प्रणाली, पुरेशी रॅम आणि एसएसडी मिळाली, तर कोअर टू ड्युओ पत्रे, हिशेब आणि जुने खेळ आजही सांभाळील. उकाड्याने आणि खंडित विजेने गांजलेल्या आपल्या किनारपट्टीवर तर निम्म्या उष्णतेचे मोल सांगावयास नको. जो टाकावयाचा, तो मात्र जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

मोठ्या आकड्यापुढे मान तुकविण्याची सवय आपल्याला बाजाराने लावली आहे. जुना संगणक घेताना मध्यमवर्गीय पालक घामाचे पैसे मोजतो. त्याने विक्रेत्याला ‘गती किती?’ एवढेच विचारून थांबू नये, ‘काम किती?’ हेही विचारावे. घोड्याची परीक्षा मैदानात नव्हे, नाल्यापाशी होते.