विश्लेषण : बोटांची टोके फुगणे ही कोणत्या आजारांची खूण? दुखत नसले तरी दुर्लक्ष का नको?

बोटांची टोके हळूहळू जाड होतात. नखे घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होतात आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखी खाली वळतात. याला वैद्यकीय भाषेत ‘क्लबिंग’ म्हणतात. ते सहसा दुखत नाही, म्हणून अनेकांच्या लक्षातही येत नाही. मात्र, बहुतेक वेळा ही शरीरातील दुसऱ्या आजाराची खूण असते.

घरी कसे ओळखाल?
दोन्ही तर्जनींची नखे एकमेकांना पाठमोरी टेकवा. नखांच्या मुळाशी शंकरपाळीच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर डॉक्टरांना दाखवा. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी स्वतःच्या आजारपणात बोटांतील हा बदल टिपला आणि १९७६ मध्ये तो मांडला.

कारणे कोणती?
फुप्फुसाचे आजार सर्वांत आधी तपासले जातात. कर्करोग, फुप्फुसात पू होणे, फायब्रोसिस, तसेच क्षयरोग किंवा जुन्या संसर्गानंतर श्वासनलिका कायमच्या रुंदावणे, ही त्यातील प्रमुख कारणे. अंग निळसर पडणारे जन्मजात हृदयदोष, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, यकृताचा सिरॉसिस आणि आतड्यांचा दीर्घकालीन दाह यांतही क्लबिंग दिसते. काही कुटुंबांत ते आनुवंशिक आणि निरुपद्रवी असते.

बोटेच का फुगतात?
प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी एरवी फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत फुटतात. आजारात त्या तशाच पुढे जाऊन बोटांच्या टोकांशी अडकतात. तेथे त्यांच्यातून वाढीला चालना देणारी द्रव्ये पाझरतात आणि ऊती वाढतात, असे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे.

गल्लत कुठे होते?
‘दमा जुनाच आहे, त्यानेच नखे अशी झाली,’ असे विडी-सिगारेट ओढणारे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात केवळ दम्याने किंवा धूम्रपानातून होणाऱ्या ‘सीओपीडी’ने सहसा क्लबिंग होत नाही. अशा रुग्णाची बोटे फुगू लागली, तर फुप्फुसाचा कर्करोग नाही ना, हे आधी तपासावे लागते.

उपचार काय?
तेल, मलम किंवा नखे कापून उपयोग नाही. छातीचा एक्स-रे, गरजेनुसार सीटी स्कॅन, हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून मूळ आजार शोधतात. त्यावर वेळीच उपचार झाले तर काही रुग्णांची बोटे पूर्ववत होतात. क्लबिंगसोबत खोकल्यातून रक्त, वजनात घट, धाप किंवा रेंगाळलेला ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.