एकच गोळी, एकच संधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला वस्तुसंग्रहालयातलं काचेचं कपाट आठवतं. कोकणातल्या मंडळींना कदाचित शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात ठेवलेली बंदूक आठवेल. मी आज सांगणार आहे ते मात्र अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याबद्दल. नोकरीच्या निमित्तानं मी बरीच वर्षं तिथे राहतो आहे. तिथे ही बंदूक आजही वापरात आहे, आणि तीही हरणाच्या शिकारीसाठी.

शिकार हा शब्द ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथली परिस्थिती वेगळी. तिथल्या जंगलातले लांडगे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसे झाले. पांढऱ्या शेपटीची हरणं मात्र राहिली आणि वाढली. ती फार झाली की कोवळी रोपं खाऊन टाकतात, मग नवं जंगल उगवतच नाही. म्हणून १८९५ मध्ये स्थापन झालेलं राज्याचं गेम कमिशन परवाने देऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीसाठी तिथे वेगळा हंगाम आहे. ख्रिसमसनंतर, ऐन थंडीत तो सुरू होतो.

ही बंदूक चालते कशी? आधी नळीच्या तोंडातून मापानं मोजलेली काळी दारू ओतायची. मग तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात शिशाची गोल गोळी गुंडाळून ती गजानं दारूपर्यंत ठासायची. अर्धा इंच व्यासाच्या बंदुकीची गोळी साधारण एका तोळ्याची भरते. बाहेरच्या बाजूला छोटी वाटी असते, तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची. हिलाच जुन्या मराठीत रंजक म्हणत. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटतं, त्याची ज्वाळा बारीक छिद्रातून आत जाते आणि मग बार उडतो.

म्हणजे चाप ओढल्यावर गोळी लगेच सुटत नाही. अगदी निमिषभराचा उशीर होतो, पण तेवढ्यात डोळ्याजवळ भडका उडतो, माणूस दचकतो आणि नळी हलते. शिवाय बार चुकला तर पुन्हा ठासायला अर्धं मिनिट तरी हवं. तेवढा वेळ हरीण कुठलं थांबतं?

खरी काळजी गोळी वाया जाण्याची नाही. नेम अर्धवट लागला तर हरीण जखमी होऊन पळतं आणि रात्री झाडीत तडफडून मरतं. म्हणून या बंदुकीचा सराव हा शिकाऱ्याच्या हौसेचा भाग नाही. त्या प्राण्याचं आपण एवढं देणं लागतोच.

आता मुद्द्याकडे येतो. मैदानावर टेबलाशी बसून, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर यार्डांवरचं लक्ष्य टिपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जंगलात टेबल नसतं. तिथे झाडाच्या बुंध्याला टेकून, गुडघ्यावर बसून किंवा उभ्यानंच बार टाकावा लागतो. म्हणून टेबलाचा उपयोग फक्त बंदूक कुठे मारते हे पाहण्यापुरता. त्यानंतरचा सगळा सराव जंगलात जसे असू तसाच करायचा.

सर्वांत महत्त्वाचा असतो पहिला बार. दारू जळली की नळीत काजळी साचते. स्वच्छ, थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी आणि काजळी धरलेल्या नळीतली पाचवी गोळी एकाच जागी लागतील असं नाही. शिकारीत मिळतो तो पहिलाच बार. म्हणून एका दिवशी वीस बार उडवण्यापेक्षा वीस दिवस रोज एक बार उडवावा, आणि त्याची नोंद ठेवावी.

दुसरी गोष्ट कपड्यांची. उन्हाळ्यात सदऱ्यावर सराव केलेला माणूस डिसेंबरात जाड कोट घालतो, आणि बंदुकीचा दस्ता खांद्यावर नीट बसत नाही. हातमोज्यातल्या बोटाला चाप कळत नाही. तेव्हा तोच कोट आणि तेच मोजे घालूनच सराव करावा. पन्नास पावलं पळून यावं, छाती धपापत असताना नेम धरून पाहावा. संध्याकाळी उजेड कमी झाला की नळीच्या टोकावरची माशी दिसेनाशी होते. ती नेमकी केव्हा दिसेनाशी होते, हेही आधीच पाहून ठेवावं.

तिसरी गोष्ट ओल. काळी दारू दमट हवेत ओल धरते आणि बर्फ पडत असताना रंजक पेटत नाही. जाणकार लोक मेण लावलेलं चामडं कळीवर बांधतात आणि रंजक मधूनमधून बदलतात. ते चामडं झटकन काढता येतं का, याचाही सराव लागतो.

इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे. ठासणीच्या बंदुकांच्या १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेची मैदानं तिथे आहेत. तिथे एक स्पर्धा झाडीतच होते. पायवाटेनं जाताना झाडांमध्ये लोखंडी लक्ष्यं टांगलेली दिसतात. अंतर आपलं आपणच ओळखायचं. जंगलातल्या सरावाचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

सुरक्षिततेचं सांगायलाच हवं. दारू डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नये, आत ठिणगी उरली असेल तर डबाच पेटतो. आधुनिक धूरविरहित दारू घातली तर नळी फुटते. गजावर खूण करून ठेवावी, म्हणजे बंदूक भरलेली आहे की रिकामी हे कळतं. आणि नुसतं रंजक पेटून बार उडाला नाही, तर नळी एक मिनिटभर लक्ष्याकडेच रोखून धरावी. बार उशिरानेही उडतो.

या सगळ्या सरावाचं फळ म्हणजे एक आकडा. हरणाच्या काळजा-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंच रुंद, म्हणजे जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. जंगलातल्यासारख्या स्थितीत, वेगवेगळ्या दिवशी टाकलेले पाचही पहिले बार ज्या अंतरावरून ताटलीत लागतात, ते आपलं अंतर. बंदूक किती लांब मारते याला महत्त्व नाही. माझं अंतर पन्नास यार्ड आहे.

एका हंगामात संध्याकाळी, सत्तर यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बराच वेळ बर्फ उकरून काही खात होती. मी बंदूक खांद्याला लावली नाही. ती आपल्या वाटेनं गेली, मीही रिकाम्या हातानं घरी आलो. सोबतच्या म्हाताऱ्या सुतारानं, ज्यानं मला हे सगळं शिकवलं त्यानं, फक्त एवढंच म्हटलं, "आता तुम्हाला बंदूक चालवता येते."