ॲप दाखवायला आले की 'छान आहे' म्हणू नका

गेल्या वर्षी आमच्या गटांच्या हिशेबासाठी एक ॲप आलं. पहिल्याच महिन्यात आमच्या एका ताईचा हप्ता थकीत दिसायला लागला. पैसे तिने बैठकीत भरलेले, रजिस्टरात नोंद, शेजारी तिची सही. पण ॲपमध्ये बैठक दर महिन्याच्या ५ तारखेलाच धरलेली. त्या महिन्यात गावात मयत झाली म्हणून आम्ही ९ तारखेला बसलो होतो. चार दिवसांची थकबाकी लागली, आणि गटाच्या बँक कर्जाची फाईल ऐन पेरणीत दोन महिने अडली. बियाणं उधारीवर घ्यावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे, काही चूक नसताना गटातल्या बायका त्या ताईकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या.

आता माझी चूक सांगते. ॲप दाखवायला मुलं आली तेव्हा मीच म्हणाले होते, "छान आहे, सर." मोबाईल पूर्ण वेळ त्यांच्याच हातात होता. आम्ही चहा-पोहे केले, फोटो काढला.

हे आपल्याच गावात होतं असं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी बंगळुरात ४५० मुलाखती घेतल्या होत्या. दोन अगदी सारख्या गोष्टी दाखवायच्या आणि त्यातली एक 'मी बनवली' म्हणायचं. लोकांनी तीच पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. विचारणारा परदेशी असून सोबत दुभाषा असला, तर पाचपट! त्याची वस्तू मुद्दाम खराब केली, तरी लोक तीच चांगली म्हणाले. पाहुण्याचं मन मोडायचं नाही, दुसरं काय.

म्हणून चांगली टीम 'आवडलं का' एवढंच विचारून थांबत नाही, ती काम करायला लावते. आधी कागदावर मोबाईलची चौकट काढायची, बाईपुढे ठेवायची आणि म्हणायचं, "सखूताईंची शंभर रुपये बचत लिहायची आहे, बोट कुठे ठेवाल?" बोट अडलं तर चूक चित्राची, बाईची नाही. कागदावरचं चित्र पाच मिनिटांत बदलतं, तयार ॲप बदलायला महिने जातात. चित्र काढणारी आणि प्रोग्राम लिहिणारा, दोघांनीही तिथे बसून हे बघायला हवं. नाहीतर बैठकीची तारीख सरकते हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला कळणार कसं?

तामिळनाडूत तपन पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बचत गटांच्या हिशेबासाठी अशीच पद्धत बसवली, २००६ च्या सुमारास. त्यांनी गटाचा कागद काढून घेतला नाही. छापील अर्जावरच्या खुणा फोनचा कॅमेरा ओळखायचा, आणि फोन तमिळमध्ये बोलून पुढे काय भरायचं ते सांगायचा. मला यातलं कागद ठेवणं सगळ्यात पटलं. आपला हिशेब सगळ्यांसमोर उघडा असतो, तो एकीच्या मोबाईलमध्ये कशाला कोंडायचा?

ॲपची मुलं पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. मी कळवलंय, बैठकीच्याच दिवशी या, प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही आणा. मोबाईल आमच्या हातात राहील, आणि पहिली पाळी ज्यांना वाचता येत नाही त्या ताईंची. तुमच्याकडे कोणी येणार असेल तर जुनी रजिस्टरं काढून ठेवा. खाडाखोडीची पानं मुद्दाम दाखवा: उशिरा आलेली बचत, माफ केलेला दंड, दोन वेळा मिळून भरलेला हप्ता. अडलात की तिथेच मोठ्याने सांगा. चहा काम झाल्यावर ठेवा.