सुरतचा दलाल, गोव्याचा इतिहासकार
सुरतेतला रुस्तमपुरा ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते रुस्तम माणेक (१६३५–१७२१) इंग्रजांचे दलाल होतेच, पण पोर्तुगीजांसाठीही काम करत. या पारशी गृहस्थांबद्दलचे पोर्तुगीज कागद शोधून छापले ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी.

पिसुर्लेकर १८९४ साली सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्मले. पणजीच्या दफ्तरखान्याची धुरा त्यांनी १९६१ पर्यंत सांभाळली. पोर्तुगीज दफ्तर आणि मराठी कागद दोन्ही मुळातून वाचणारी अशी माणसं विरळाच!

त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे पोर्तुगीजांच्या हिंदी राजदूतांवरचा १९५२ चा पोर्तुगीज ग्रंथ. तह पोर्तुगीज व्हॉइसरॉयच्या नावानं होत, पण दरबारात जाऊन बोलणी करणारे, पत्रांचा अर्थ लावणारे आणि बातम्या काढणारे बहुतेकदा इथलेच हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी वकील आणि दुभाषी असत. पिसुर्लेकरांनी त्यांना नावानिशी इतिहासात आणलं. मराठी वाचकांनी सुरुवात मात्र त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या पुस्तकापासून करावी. पुणे विद्यापीठानं ते १९६७ मध्ये काढलं. त्यानंतर दोनच वर्षांनी पिसुर्लेकर गेले.

सुरतकर मंडळी, रुस्तमपुऱ्यातून जाताना पिसुर्लेकरांचं नाव जरूर आठवा.