तारेचा नाद आणि लाकडाचा नाद

गिटारची एखादी तार काढून ती दगडी भिंतीतील दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधली आणि छेडली, तर तिचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या माणसासही जेमतेम ऐकू येतो. तार बारीक असते. कंप पावताना ती हवेला कापीत जाते. हवेला ढकलण्याचे बळ तिच्या अंगी नसते. तीच तार गिटारीवर चढविली की सारी खोली नादाने भरून जाते. हा चमत्कार लाकडाचा आहे. तारेचा कंप हाडाच्या पट्टीतून घोडीत उतरतो आणि घोडी ज्या फळीवर चिकटविलेली असते ती फळी थरारू लागते. ही फळी बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची असून तिची जाडी सुमारे ३ मिलिमीटरच असते. सहा पोलादी तारांचा मिळून ७० ते ८० किलोग्रॅम ओढा सोसूनही तिने हलके राहावे, अशी कारागिराची धडपड असते. फळीबरोबर पोकळीतील हवाही डोलू लागते व वाटोळ्या छिद्रातून आत-बाहेर येरझारा घालते. या येरझारांचा स्वाभाविक वेग सेकंदाला सुमारे १०० कंपांच्या आसपास असतो. गिटारीच्या खर्जातील भरदारपणा त्यामुळेच येतो. तेव्हा गिटारीचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, त्यात तारेचा वाटा थोडा व लाकडाचा आणि हवेचा मोठा असतो.

हा आवाज दिवाणखान्यास पुरतो. मोठ्या सभागृहास पुरेलच असे नाही. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी आपल्या वाद्यापुढे मायक्रोफोन येऊ दिला नाही. मोठ्या सभागृहांतही श्रोत्यांनीच श्वास रोखून ऐकावे, असा त्यांचा आग्रह. परंतु ज्या वादकाच्या मागे ड्रम घुमत असतो त्याला हा मार्ग मोकळा नाही. त्याला आवाज वाढवावाच लागतो आणि वाढविताना लाकडाचा नाद हरवू नये, ही त्याची चिंता असते.

वाद्यापुढे उत्तम मायक्रोफोन ठेवणे हा सर्वांत प्रामाणिक उपाय. कान जे ऐकतो त्याच्या अगदी जवळचे तो टिपतो. अडचण एवढीच, की तो सारेच टिपतो: ड्रम, गायक, श्रोत्यांचा खोकला आणि खुद्द लाउडस्पीकरचा आवाजही. लाउडस्पीकरमधून निघालेला नाद पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि क्षणार्धात किंकाळी उठते. आपल्याकडील सभामंडपांतून ही किंकाळी कोणी ऐकली नाही? गिटारीच्या बाबतीत तर संकट दुहेरी आहे. तिची पोकळ पेटी स्वतःच बाहेरच्या नादाने थरारते. १९६४ साली लंडनमध्ये बीटल्स या वाद्यवृंदाने ‘आय फील फाइन’ हे गीत मुद्रित केले, तेव्हा त्यांनी हा दोषच गीताच्या आरंभी मुद्दाम वापरला. सर्वांना असे दोषाचे भूषण करता येत नाही.

दुसरा मार्ग चुंबकाचा. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळून ते वाद्याच्या तारांखाली बसवितात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते व वेटोळ्यात वीज निर्माण होते. विद्युत् गिटारीचा जन्म १९३०च्या सुमारास याच युक्तीतून झाला. परंतु चुंबकाला लाकूड दिसत नाही. त्याला केवळ लोखंड दिसते. साध्या गिटारीच्या जाड तारांवर काशाचे वेष्टन असते. त्याचा चुंबकास पत्ताच लागत नाही, म्हणून वेष्टन नसलेल्या दोन बारीक तारा वाजवीपेक्षा मोठ्याने बोलतात. नायलॉनच्या तारांपुढे तर चुंबक अगदीच मुका. गिब्सन कंपनीने १९५४ साली काढलेल्या ‘जे-१६०ई’ या गिटारीत असाच चुंबक होता. किंकाळी टाळण्यासाठी तिची फळी थरांच्या लाकडाची, म्हणजे मुद्दाम मंद केलेली होती. आवाज वाढविण्यासाठी आवाजाचाच बळी द्यावा, तसा हा सौदा झाला.

तिसरा मार्ग स्फटिकाचा. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो, हे पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. हा गुण असलेल्या पदार्थाची बारीक पट्टी घोडीवरील हाडाखाली बसविली, की तारेच्या प्रत्येक कंपाबरोबर दाब कमी-अधिक होतो आणि त्याचे विजेत रूपांतर होते. तार काशाची असो वा नायलॉनची, स्फटिकाला दोन्ही सारख्याच. अमेरिकेत हेलिकॉप्टर बांधणारे चार्ल्स कामन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटारींचा उद्योग उभारला. हेलिकॉप्टरमुळे कंपनांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता आणि ते स्वतः गिटारही वाजवीत. त्यांच्या गिटारींनी हा स्फटिक रंगमंचावर रूढ केला.

तरीही कान समाधानी झाला नाही. हाडाखालचा स्फटिक तारेचा धक्का लाकडात शिरण्यापूर्वीच टिपतो. लाकडाने त्या धक्क्याला जो गोलावा द्यायचा, तो द्यायचा राहूनच जातो. जोराने छेडले की आवाज कोरडा, टोचरा, काहीसा बदकाच्या बोलण्यासारखा येतो. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. स्फटिकाने दिलेला विद्युत्‌भार अत्यंत तुटपुंजा असतो. खर्जाच्या स्वरांत दाब सावकाश बदलतो आणि तेवढ्या अवधीत हा भार ध्वनिवर्धकातून वाहून जातो. तार स्वर तेवढे वाचतात. विद्युत् गिटारीच्या ध्वनिवर्धकाचा रोध सुमारे १० लाख ओहम असतो. स्फटिकाला सुमारे १ कोटी ओहम रोध मिळाला तर खर्ज टिकतो. म्हणूनच स्फटिकाजवळच एक लहानसे विद्युत्-मंडळ बसवावे लागते. अनेकदा वादक स्फटिकाला नावे ठेवतो; चूक मात्र जोडणीची असते.

पुढे कारागिरांनी स्फटिक हाडाखालून काढून फळीच्या आतल्या बाजूस, घोडीच्या नेमका खाली चिकटविला. आता लाकूड स्वतःच बोलू लागले; पण फळी जितकी मोकळी, तितकी किंकाळीची भीतीही अधिक. त्यावर दोन साधनांची सांगड घालण्याची युक्ती निघाली. किंकाळी बहुधा पेटीच्या खर्जातूनच उठते, म्हणून खालचे स्वर स्फटिकाकडून घ्यावे व वरचे, हवेशीर स्वर पेटीत ठेवलेल्या इवल्याशा मायक्रोफोनकडून. एकविसाव्या शतकात गणकयंत्राचेही साहाय्य झाले. तीच गिटार एकाच वेळी स्फटिकातून व उत्तम मायक्रोफोनमधून मुद्रित करतात, दोहोंतील फरक गणिताने काढतात आणि वादनाच्या वेळी तो स्फटिकाच्या आवाजात मिसळतात. जे लाकूड टिपले गेले नाही, त्याची जणू छायाच परत आणली जाते. ही छाया मात्र ज्या वाद्यावरून घेतली त्यालाच नीट शोभते.

रंगमंचावर शेवटी साधे उपायच अधिक कामी येतात. छिद्रात रबराची चकती बसविली, की पोकळीतील हवेच्या येरझारा मंदावतात. लाउडस्पीकरकडे वाद्याचे तोंड न करता किंचित वळून बसावे. शंभराच्या आसपासचा जो एकच स्वर घोंगावतो तेवढाच कापावा. सगळा खर्ज कापू नये. आणि लाउडस्पीकर विद्युत् गिटारीचा घेऊ नये. त्यातून अतितार स्वर निघतच नाहीत, त्यामुळे नखाचा तारेवरील स्पर्श ऐकू येण्यापूर्वीच विरून जातो.