मांडणीसूत्र, मजकूर-संपादकातील

मजकूर-संपादकाच्या आज्ञाभाषेत छापावयाच्या ओळीचा आराखडा ज्या अक्षरमालिकेने सांगितला जातो, तिला मांडणीसूत्र म्हणतात. मजकूर-संपादक हा संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी वापरला जाणारा कार्यक्रम होय. तीच ती कामे हाताने पुन:पुन्हा करावी लागू नयेत म्हणून अशा बऱ्याच कार्यक्रमांना स्वतःची लहानशी आज्ञाभाषा जोडलेली असते. याद्या, कोष्टके, सूची किंवा क्रमांकित पदे तयार करताना या भाषेतील मांडणीसूत्राचा उपयोग होतो.

सूत्रात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक जसाच्या तसा उमटतो. दुसरा टक्केचिन्हाने सुरू होतो व त्याच्या जागी दिलेले मूल्य बसविले जाते. टक्केचिन्हापुढे ‘डी’ हे रोमन अक्षर असल्यास पूर्णांक आणि ‘एस’ असल्यास शब्द अपेक्षित असतो. या दोहोंमध्ये लिहिलेली संख्या किमान रुंदी सांगते. मूल्य त्याहून लहान असेल, तर उरलेली जागा कोऱ्या जागांनी भरली जाते. वजाचिन्हामुळे मूल्य डावीकडे सरकते. टिंब व त्यापुढील संख्या शब्दाची कमाल लांबी ठरविते. अधिक भाग कापला जातो. नियम एवढेच आहेत आणि रोमन लिपीपुरते ते निर्दोष चालतात.

या पद्धतीचे मूळ १९५७ मध्ये आयबीएम कंपनीने प्रसृत केलेल्या फोर्ट्रान भाषेत आढळते. तीत प्रत्येक संख्येने ओळीतील किती घरे व्यापावयाची, हे स्वतंत्र विधानाने सांगावे लागे. त्या काळच्या ओळमुद्रकावर प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचे घर मिळे. टंकलेखन यंत्रावरही तसेच होते. पुढे बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या सी भाषेने टक्केचिन्हाची लेखनपद्धती रूढ केली आणि संपादकांच्या आज्ञाभाषांनी तीच उचलली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्स (१९८५) या संपादकातील लिस्प भाषेत आणि ब्राम मोलेनार यांच्या व्हिम (१९९१) या संपादकाच्या आज्ञाभाषेत ती आहे. व्हिममध्ये ही सोय २००६ मधील सातव्या आवृत्तीपासून मिळू लागली. एक अक्षर, एक घर व स्मृतीतील एक बाइट या तिन्ही गोष्टी एकच आहेत, असे मूळ रचनेत गृहीत धरलेले होते. देवनागरीत हे गृहीतक टिकत नाही.

यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट राखून ठेवलेला आहे. व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना त्यात स्वतंत्र स्थाने असून यूटीएफ-८ या प्रचलित लेखनात त्यांपैकी प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘पंढरपूर’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी तो ७ चिन्हांचा व २१ बाइटांचा असतो. ‘विठ्ठल’ तीन अक्षरांचा, पण ६ चिन्हांचा व १८ बाइटांचा आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की संकेतात बहुतेक चिन्हे एकेका बाइटाची होती. त्यामुळे तेथे घोटाळा लहान होता. नाहीसा मात्र झालेला नव्हता.

पंढरपूरच्या चार प्रमुख यात्रांची दोन रकान्यांची यादी छापावयाची आहे असे समजू. पहिल्या रकान्यात यात्रेचे नाव व दुसऱ्यात त्या त्या महिन्याच्या शुद्ध एकादशीचा उल्लेख आहे. व्हिममध्ये लहान ‘एस’ लिहून दिलेली रुंदी बाइटांत मोजली जाते. नावांपैकी ‘कार्तिकी’ सर्वांत लांब, म्हणजे २४ बाइटांचे असल्याने पहिल्या रकान्याला २४ ही रुंदी दिली. ‘आषाढी’ १५ बाइटांचे असल्याने त्यापुढे ९ कोऱ्या जागा पडतात, ‘माघी’पुढे १२, ‘चैत्री’पुढे ६ आणि ‘कार्तिकी’पुढे एकही नाही. आता या नावांनी पडद्यावर व्यापलेली घरे मोजू. एका प्रचलित पद्धतीत काना, वेलांटी यांसारख्या बाजूला बसणाऱ्या चिन्हांना एक घर देतात. मात्रा, उकार, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांना शून्य धरतात. या हिशेबाने नावांची घरे अनुक्रमे ५, ४, ४ व ७ भरतात. कोऱ्या जागा मिळविल्यावर दुसरा रकाना आषाढीच्या ओळीत १४ घरांनंतर, माघीच्या ओळीत १६, चैत्रीच्या ओळीत १० आणि कार्तिकीच्या ओळीत अवघ्या ७ घरांनंतर सुरू होतो. सूत्र अचूक आहे, आज्ञाही अचूक पाळली गेली आहे आणि यादी मात्र करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

यावर उपाय म्हणून व्हिममध्ये मोठा ‘एस’ योजता येतो. तो बाइटांऐवजी पडद्यावरील घरे मोजतो. ईमॅक्समध्ये रुंदी मुळातच घरांत मोजली जाते. तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. कोणत्या चिन्हाला किती घरे द्यावीत याबाबत संपादक व पडदा दाखविणारा कार्यक्रम यांचे एकमत असतेच असे नाही. काही कार्यक्रम सर्वच स्वरचिन्हांना शून्य घरे देतात. शिवाय ‘र्ति’सारखे जोडाक्षर प्रत्यक्षात किती जागा घेईल, हे टंकावर अवलंबून असते. जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याला ही अडचण कधी आली नाही. त्याच्या हातातील पट्टीत शिशाच्या खिळ्यांची खरी रुंदीच मोजली जाई व उरलेली जागा तो कोऱ्या खिळ्यांनी भरी.

वेडावाकडा रकाना डोळ्यांना खुपतो, पण त्यामुळे मजकूर बदलत नाही. कमाल लांबीच्या निर्देशाने मात्र तो बदलतो, म्हणून या निर्देशाचा दोष अधिक गंभीर मानावा लागतो. अरुंद रकान्यात नाव बसविण्यासाठी ‘विठ्ठल’ हा शब्द तीन चिन्हांवर कापला, तर ‘विठ’ उरते. चार चिन्हांवर कापल्यास ‘विठ्’ असा हलन्त तुकडा राहतो. दहा बाइटांवर कापल्यास चौथ्या चिन्हाचा केवळ एक तृतीयांश भाग शिल्लक राहतो. तो कोणत्याच लिपीतील नसतो व त्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकट उमटते. रोमन लिपीत अखेरची अक्षरे गळाली तरी उरलेली शाबूत राहतात. देवनागरीत उरलेले अखेरचे अक्षरही मोडते. निवासाच्या किंवा देणगीच्या यादीत नाव हीच माणसाची ओळख असते. तेथे असा तुकडा ही केवळ मुद्रणातील चूक राहत नाही. मराठी नावांसाठी कमाल लांबीचा निर्देश वापरूच नये, हे उत्तम. कापणे अटळच असेल, तर ते पूर्ण अक्षराच्या सीमेवर व्हावयास हवे. ही सीमा यूनिकोडच्या नियमांतही दीर्घकाळ अपुरी होती. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरणारा नियम २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमाने ‘विठ्ठल’ शब्दाचे ‘वि’, ‘ठ्’, ‘ठ’ व ‘ल’ असे चार भाग पडत.

संख्यांच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. ‘डी’ या निर्देशाने नेहमी इंग्रजी अंकच उमटतात. ते देवनागरीत हवे असल्यास अदलाबदलीची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. व्हिममध्ये एका अक्षरमालिकेतील चिन्हांच्या जागी दुसरीतील चिन्हे क्रमाने घालणारे फलन त्यासाठी आहे. मात्र क्रम महत्त्वाचा असतो. इंग्रजी अंक एका बाइटाचा, तर देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो. म्हणून संख्या आधी चार घरांत बसवून मग अंक बदलल्यास रकाना सरळ राहतो. आधी अंक बदलून मग तो शब्द म्हणून बाइटांच्या रुंदीत बसविल्यास दोन अंकी संख्याच सहा बाइटांची होते व भरणी चुकते.

जेथे रकानेच नसतात तेथे मांडणीसूत्र मराठीला सहज मानवते. अभंगांची मांडणी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत छापलेल्या तुकारामांच्या गाथेसाठी विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळविली होती. जुन्या हस्तलिखितांत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता व ओळ पानाच्या कडेपर्यंत सलग चाले. कडवे कोठे संपले हे दोन दंड, क्रमांक व पुन्हा दोन दंड यांनी कळे. ध्रुपदाला क्रमांकाऐवजी ‘धृ’ लिहीत. म्हणजे येथे विभागणी रुंदीने न होता खुणेने होते. सूत्रात शब्दासाठी एक निर्देश, मग दोन दंड, अंकासाठी एक निर्देश आणि पुन्हा दोन दंड एवढे लिहिले की साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथाही एकसारखी मांडता येते. कोठेही रुंदी सांगावी लागत नसल्याने बाइट किती व घरे किती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

कोष्टकांसाठीही हाच मार्ग सोयीचा ठरतो. कोऱ्या जागांची भरणी न करता सूत्रातच रकान्यांच्या सीमांच्या खुणा घालतात आणि प्रत्यक्ष रुंदी ठरविण्याचे काम टंकाची मापे जाणणाऱ्या कार्यक्रमाकडे सोपवितात. आज्ञाभाषेतून महाजालाच्या पानांसाठी वापरली जाणारी एचटीएमएल संकेतभाषा थेट लिहून कोष्टकाच्या प्रत्येक घराला आरंभीची व शेवटची खूण जोडता येते. असे पान न्याहाळकातून छापल्यास आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चारही ओळींतील दुसरा रकाना एकाच रेषेत येतो, कारण त्या वेळी मोजली जाते ती जुळलेल्या अक्षरांची प्रत्यक्ष रुंदी.