लेखांक ७ : कार्ड खिशातच राहते

कार्डची चोरी होते तेव्हा कार्ड बहुधा जागचे हलतही नाही. ते मालकाच्या पाकिटात, आधार कार्ड आणि देवाचा फोटो यांच्या मधल्या कप्प्यात शाबूत असते. गेलेली असते ती त्यावरची माहिती : क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही, कधीकधी पिनही. दागिना गेला की डबी रिकामी दिसते. माहिती चोरली तरी मूळ जागी तशीच राहते, म्हणून चोरी कळते ती थेट पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर. या दोन्हींत काही मिनिटे गेलेली असतात, कधी कित्येक महिने.

सोळा आकड्यांच्या क्रमांकात तसे गुपित फार थोडे असते. ४ ने सुरू होणारे कार्ड व्हिसाचे, ५ ने सुरू होणारे बहुधा मास्टरकार्डचे. पहिल्या सहा किंवा आठ आकड्यांवरून बँक आणि कार्डचा प्रकार कळतो. शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून हिशेबाने काढलेला असतो. आयबीएममधले हान्स पीटर लून यांच्या या रीतीला १९६० मध्ये पेटंट मिळाले. लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो पकडावा एवढाच तिचा हेतू होता. चोराला अडवणे तिच्या कामातच नव्हते. त्यामुळे नियमात बसणारे क्रमांक संगणकाकडून हवे तेवढे तयार करून घेता येतात आणि कुठला खरा निघतो ते वेबसाइटवर किरकोळ रकमा टाकून चाचपता येते. कार्ड कुठेही न वापरता त्यावर अनोळखी खर्च दिसतो, तेव्हा कारण बऱ्याचदा हे असते.

पुढचा सगळा मामला समजायला एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. कार्डला एकच सीव्हीव्ही असतो असा समज आहे. प्रत्यक्षात एक कोड मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत नोंदलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दुसरा छापलेला असतो. चिपमध्ये आणखी तिसराच. पट्टी वाचणाऱ्या चोराला छापील कोड मिळत नाही, म्हणून त्याला ऑनलाइन खरेदी अवघड जाते. वेबसाइटवरून माहिती उचलणाऱ्याला पट्टीतला कोड मिळत नाही, म्हणून त्याला नकली कार्ड बनवता येत नाही. चोरी कुठे झाली यावर माल कुठे खपणार हे ठरते.

पट्टी जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमचे अभियंता फॉरेस्ट पॅरी यांना चुंबकीय फीत कार्डावर नीट चिकटवता येईना. पत्नीच्या सुचवण्यावरून ती इस्त्रीने चिकटवली, असे सांगतात. पट्टीची जात ऑडिओ कॅसेटच्या फितीची. जी फीत वाचता येते तिची नक्कलही करता येते, आणि गाणी टेप करून घेतलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. एटीएमच्या खाचेवर तिच्याच रंगारूपाचे प्लास्टिकचे तोंड बसवतात, हे स्किमर. कार्ड आत जाताना आधी त्याच्यासमोरून सरकते आणि मग खऱ्या यंत्रात जाते. पैसे नेहमीसारखे हातात पडतात, पावती निघते, शंकेला जागाच उरत नाही. पिनसाठी कीपॅडच्या वर किंवा बाजूच्या पट्टीत टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रामागे कॅमेरा असतो. पिन टाकताना दुसऱ्या हाताने आडोसा करण्याच्या सूचनेकडे लोक हसून बघतात, पण या जोडीतला कॅमेरा आंधळा करायला तेवढा आडोसा पुरतो. हॉटेलात वेटर बिलाबरोबर कार्ड आत घेऊन जायचा तेव्हा तर स्किमर मुठीत मावेल एवढाच लागायचा.

एकेक कार्ड टिपणे ही किरकोळ विक्री झाली. ठोक माल मिळतो तो जिथे लाखो कार्डे एका वाटेने जातात तिथे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. चोर आत शिरले ते वातानुकूलन-शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पासवर्डवरून. मग त्यांनी काउंटरवरच्या यंत्रांत घुसखोर प्रोग्राम सोडला. कार्डची माहिती पुढे सांकेतिक होऊन जायची, पण त्याआधी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत क्षणभर उघडी असायची. तेवढा क्षण पुरला. भारतात २०१६ मध्ये एटीएम चालवणाऱ्या एका सेवाकंपनीच्या यंत्रणेत असाच प्रोग्राम शिरला आणि सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांवर सावट आले. बँकांना कार्डे बदलून द्यावी लागली किंवा पिन बदलायला सांगावे लागले.

वेबसाइटवर काउंटरच्या जागी पैसे भरण्याचे पान असते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पानावर कोणीतरी जेमतेम २२ ओळींचा कोड घुसवला. प्रवाशाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबले की माहिती कंपनीकडे जायची आणि तिची एक प्रत चोरांकडेही. तिकीट मिळायचे, प्रवास व्हायचा. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पुढे कंपनीला २ कोटी पौंड दंड केला.

भारतात ऑनलाइन व्यवहाराला कार्डवरची माहिती पुरत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची केली, आणि तिचे आजचे रूप म्हणजे ओटीपी. चोरांचा धंदा त्यामुळे संगणकावरून फोनवर आला. ‘केवायसी संपलंय, कार्ड आज रात्री ब्लॉक होईल’, ‘तुमचे रिवॉर्ड पॉइंट आजच संपतायत’ असे सांगणाऱ्याकडे कार्डचा क्रमांक आधीच असतो आणि त्याला हवे असतात फक्त सहा आकडे. झारखंडातल्या जामताडा जिल्ह्याचे नाव याच कामासाठी देशभर झाले. अलीकडे बोलण्याचेही कष्ट नकोत म्हणून लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून एपीके फाइल पाठवतात. ती फोनवर बसली की ओटीपीचा मेसेज परस्पर वाचला जातो. उलट परदेशातल्या अनेक वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. हे भोक बुजवण्यासाठी ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड देताना परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवूनच द्यावे लागते. ग्राहकाने ते मागून चालू करायचे.

माहिती हाती येणे हा अर्धाच धंदा. चोरणारा आणि वापरणारा सहसा एक नसतात, त्यांच्यामध्ये बाजार असतो. जोकर्स स्टॅश हा त्यातला नावाजलेला अड्डा २०२१ पर्यंत चालू होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे १३ लाखांवर कार्डांची माहिती एकदम विक्रीला आली. त्यातली बहुतेक भारतीय बँकांची होती आणि भाव होता कार्डामागे १०० डॉलर. घेणारा आधी किरकोळ रकमेची खरेदी करून कार्ड जिवंत आहे का ते पाहतो. मग गिफ्ट कार्ड, मोबाइल, सोने अशा लगेच विकता येणाऱ्या वस्तू घेतो. रोकड दुसऱ्याच्या नावावरच्या भाड्याच्या खात्यांतून फिरते, आणि पोलिस पहिल्यांदा पोचतात ते अशा खातेदाराच्या दारात. त्याला दोन-चार हजार मिळालेले असतात, बाकीचे त्याला ठाऊकही नसते.

हा धंदा किती मोठ्या प्रमाणावर चालू शकतो ते पुण्याने पाहिले. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांच्या नकली कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातही अडीच कोटी निघाले, आणि त्यातली काही यंत्रे कोल्हापुरातली होती. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते आणि स्विच ती मुख्य संगणकाला विचारून होकार किंवा नकार देतो. घुसखोरांनी मध्ये आपला खोटा स्विच उभा केला होता आणि तो प्रत्येक विचारणेला ‘हो’ म्हणत होता. पिन बरोबर आहे का, शिल्लक किती, हे प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोचलेच नाहीत. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांना धक्काही लागला नाही; गेले ते बँकेचे पैसे. सोमवारी, १३ तारखेला, बँका एकमेकींना देशोदेशी पैसे पाठवण्याचे निरोप देतात त्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ते एटीएमसमोर उभे राहणाऱ्या फळीतले होते. खोटा स्विच उभारणारे त्यांत नव्हते.

नकली कार्डे चालली ती पट्टीमुळे. चिपची नक्कल जवळजवळ अशक्य असते, कारण चिप दर व्यवहाराला नवी सही तयार करते आणि कालची सही आज चालत नाही. रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत आधीच दिली होती. कॉसमॉसचा प्रसंग घडला तो मुदतीला साडेचार महिने उरले असताना. पट्टी अजूनही कार्डांच्या पाठीवर आहे, कारण जगात कुठेतरी फक्त पट्टी वाचणारे यंत्र असतेच. ऑनलाइन बाजूला १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी त्यांच्याकडे राहते ते टोकन, म्हणजे पर्यायी क्रमांक, त्या एका दुकानापुरतेच चालते आणि चोरून दुसरीकडे वापरता येत नाही.

नुकसान कोणाचे, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. चूक दोघांचीही नसून मधल्या कुठल्या दुव्याची असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्याचा एक रुपयाही जात नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ बसते, त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचे काम बँकेचे. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे भाड्याच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. रोख होऊन बाहेर पडल्यावर या क्रमांकाचाही फारसा उपयोग होत नाही.